मिचेलबाईंचं ग्रहण

मंडळी, सुरुवात एका कबुलीने करतो. २१ ऑगस्ट २०१७ च्या सोमवारी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत खग्रास सूर्यग्रहण झालं. आम्ही अटलांटाला राहतो. ग्रहणाचा पट्टा आमच्या घरापासून दोन तासांवर, नॉर्थ जॉर्जियातल्या क्लेटन गावावरून जाणार होता. आणि मी गेलो नाही. त्या आठवड्यात आमच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं, दुपारी क्लायंटबरोबर कॉल होता आणि अटलांटात ९७ टक्के ग्रहण दिसणारच होतं. उरलेल्या तीन टक्क्यांसाठी एक सुट्टी कोण घालवणार? त्या वेळी हा हिशेब मला अगदी बिनतोड वाटला होता.

अडीचच्या सुमाराला ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये उतरलो. ग्रहणाच्या चष्म्यातून सूर्याची बारीक कोर दिसली. झाडाखाली पानांच्या फटींतून पडलेल्या उजेडाच्याही कोरीच कोरी झाल्या होत्या. ऊन जरा मळकट झालं. पण अंधार? छे! दहा मिनिटांत सगळे परत आपापल्या जागेवर. संध्याकाळी क्लेटनला गेलेल्या मित्राचा फोन आला. त्याला काय पाहिलं ते सांगायचं होतं, पण एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

नंतर गणित करून पाहिलं, आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची डिग्री असून ते आधी केलं नाही याची लाज वाटली. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी. म्हणजे तीन टक्के सूर्य उरला तरी तो बारा हजार पौर्णिमांएवढा! सूर्याभोवतीचं प्रभामंडळ, म्हणजे करोना, जेमतेम एका पौर्णिमेएवढं. बारा हजारांसमोर ते एक कुठून दिसणार? ९७ टक्के म्हणजे जवळजवळ सगळं, असं आपल्याला वाटतं. इथे ९७ टक्के म्हणजे काहीच नाही.

तर २०२४ साली तोच प्रश्न पुन्हा घरात आला. ८ एप्रिलचं खग्रास ग्रहण टेक्सासपासून मेनपर्यंत जाणार होतं, पण या वेळी पट्टा आमच्यापासून लांब होता. सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे सदर्न इलिनॉयमधलं कार्बनडेल. सव्वाचारशे मैल, एका बाजूने सात तास. शाळेचा दिवस, ऑफिसचा दिवस, मोटेलचे दर ऐकून छातीत धस्स होणारे, आणि वर ढग आले तर? बायकोने शांतपणे विचारलं, चार मिनिटांसाठी चौदा तास गाडी चालवायची? तेव्हा सोलापूरहून बाबा आले होते. ते काहीच बोलले नाहीत.

या प्रश्नाचं उत्तर मला एका बाईंच्या आयुष्यात सापडलं. मार्च महिना इथे शाळांमध्ये स्त्रियांच्या इतिहासाचा महिना म्हणून साजरा होतो. तिसरीतल्या आमच्या लेकीला प्रोजेक्टसाठी एक नाव आलं: अमेरिकेतल्या पहिल्या नामवंत स्त्री खगोलशास्त्रज्ञ, मारिया मिचेल. उच्चार लेकीनेच सुधारला. मारिया नव्हे, मराया. पोस्टरला चित्रं चिकटवायला बसलो आणि मीच वाचत राहिलो.

बाराव्या वर्षी सेकंद मोजणारी मुलगी

मराया मिचेलचा जन्म १ ऑगस्ट १८१८ चा, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या नॅन्टकेट बेटावरचा. दहा भावंडांतली ती तिसरी. घराणं क्वेकर पंथाचं, साधं राहणारं, आणि मुलींनाही मुलांइतकंच शिकवणारं. बेटाचा धंदा व्हेल माशांच्या शिकारीचा. पुरुष वर्षानुवर्षं समुद्रावर, त्यामुळे घर, दुकान, व्यवहार सगळं बायकाच बघायच्या. वडील विल्यम मिचेल आधी शिक्षक आणि मग बँकेत कॅशियर, पण जीव आकाशात. गच्चीवर दुर्बीण आणि घरात जहाजांची घड्याळं.

ही घड्याळं म्हणजे क्रोनोमीटर. भर समुद्रात आपण कुठल्या रेखांशावर आहोत, हे कप्तानाला घड्याळावरून काढावं लागे. घड्याळ चार सेकंद चुकलं की विषुववृत्तावर जहाज एक सागरी मैल चुकलं. म्हणून सफरीवर निघण्यापूर्वी ताऱ्यांचे वेध घेऊन घड्याळ तपासून घ्यायचं. हे काम विल्यम मिचेल करायचे, आणि चौदाव्या वर्षापासून त्यांची मुलगीही करू लागली. त्या वयाच्या मुलीच्या आकड्यावर विश्वास ठेवून कप्तान जहाजं समुद्रात घालत होते.

तिचं पहिलं ग्रहण त्याआधीचं. १२ फेब्रुवारी १८३१ ला नॅन्टकेटवरून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसलं. वडील दुर्बिणीला डोळा लावून बसले आणि बारा वर्षांच्या मरायाला त्यांनी क्रोनोमीटरपाशी बसवून सेकंद मोजायला लावले. त्या निरीक्षणावरून त्यांनी आपल्या घराचा रेखांश काढला. एखाद्या बापाने मुलीला ग्रहणात घराबाहेर नुसतं येऊच दिलं नाही, तर कामाला लावलं, तेही १८३१ साली! आपल्याकडे ग्रहणात दारं-खिडक्या बंद करून बसवलेल्या मुली आठवल्या आणि पोस्टर चिकटवता चिकटवता माझा हात थांबला.

बँकेच्या गच्चीवरचा धूमकेतू

पुढे मरायाने थोडा काळ स्वतःची शाळा चालवली. तिथे गोऱ्या नसलेल्या मुलांनाही तिने प्रवेश दिला. १८३६ मध्ये ती बेटावरच्या अथेनिअम या ग्रंथालयात ग्रंथपाल झाली आणि तिथे जवळजवळ वीस वर्षं राहिली. दिवसा पुस्तकं, रात्री आकाश. एव्हाना मिचेल कुटुंब बँकेच्या इमारतीतच राहायला गेलं होतं.

१ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री घरी पाहुणे आले होते. मराया हळूच गच्चीवर गेली आणि तिला दुर्बिणीत एक पुसट ठिपका दिसला. कालपर्यंत तिथे काही नव्हतं. तो धूमकेतू होता. डेन्मार्कच्या राजाने दुर्बिणीतून नवा धूमकेतू पहिल्यांदा पाहणाऱ्याला सुवर्णपदक जाहीर केलेलं होतं. वडिलांनी हार्वर्डच्या वेधशाळेला पत्र लिहिलं, पण बेटावरून टपाल निघायला वेळ लागला. इकडे रोममध्ये फ्रान्चेस्को दे व्हिको यांनी तोच धूमकेतू ३ ऑक्टोबरला पाहिला आणि युरोपात आधी त्यांचंच नाव झालं. शेवटी हार्वर्डचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट यांनी पाठपुरावा केला आणि १८४८ मध्ये पदक मराया मिचेल यांना मिळालं. त्याच १८४८ साली आपल्या पुण्यात भिडे वाड्यात सावित्रीबाई मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या होत्या, हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्याच वर्षी अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसने त्यांना सभासद करून घेतलं. त्या पहिल्या स्त्री सभासद. १८४९ पासून सरकारच्या नाविक पंचांगासाठी त्या शुक्राची गणितं करू लागल्या, वर्षाला ३०० डॉलरवर. पुढची जवळजवळ वीस वर्षं खलाशांच्या हातातल्या कोष्टकांमध्ये शुक्र कुठे असेल ते या बाईंनी सांगितलेलं असायचं. आजच्या भाषेत म्हणायचं तर रिमोट कन्सल्टंट!

व्हॅसर कॉलेज

१८६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी मॅथ्यू व्हॅसर यांनी मुलींसाठी कॉलेज काढलं. खगोलशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून मिचेलबाईंना बोलावलं. स्वतः त्या कधी कॉलेजात गेलेल्या नव्हत्या. वेधशाळेत बारा इंचांची उत्तम दुर्बीण होती. बाई आणि त्यांचे म्हातारे वडील वेधशाळेतच राहायचे. पगाराची गोष्ट मात्र वेगळी. पुरुष प्राध्यापकांना २,५०० डॉलर आणि मिचेलबाईंना ८००. पुढे डॉ. अलायडा एव्हरी या सहकारी प्राध्यापिकेबरोबर त्यांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि पगार वाढवून घेतला.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा निराळी होती. मार्क देण्यावर विश्वास नाही. वेध घेणं, मोजणं आणि मोजलेलं लिहून ठेवणं यावर भर. वर्षातून एकदा वेधशाळेच्या घुमटाखाली विद्यार्थिनींना मेजवानी, आणि त्यात कविता.

१८६९ च्या वसंतात वडील गेले. लहानपणी ज्यांच्यासाठी सेकंद मोजले ते माणूसच गेलं. आणि त्याच वर्षी ७ ऑगस्टला अमेरिकेतून खग्रास ग्रहण दिसणार होतं. मिचेलबाई पन्नाशीच्या. त्यांनी आपल्या काही विद्यार्थिनींना बरोबर घेतलं आणि रेल्वेने आयोवातलं बर्लिंग्टन गाठलं. जवळजवळ तीन मिनिटांची खग्रास अवस्था, स्वच्छ आकाश. याच ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना करोनाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा सापडली. ती अतितप्त लोखंडाची आहे हे उलगडायला पुढे सत्तर वर्षं लागली. बर्लिंग्टनला गेलेल्या मुलींपैकी मेरी व्हिटनी पुढे व्हॅसरमध्ये मिचेलबाईंच्याच जागेवर प्राध्यापक झाल्या.

डेन्व्हर, २९ जुलै १८७८

खरी परीक्षा पुढची. १८७३ मध्ये बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहिलं. मुलींनी मुलांसारखं उच्च शिक्षण घेतलं तर त्यांची प्रकृती, विशेषतः मातृत्वाची क्षमता बिघडते, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक धडाधड खपलं. एका नामवंत डॉक्टरने सांगितलेलं, लोक खरं मानणारच. मिचेलबाईंनी त्याच वर्षी स्त्रियांच्या प्रगतीसाठी एक संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला आणि नंतर तिचं अध्यक्षपदही सांभाळलं. पण वादाला वाद किती घालणार? त्यांनी काम दाखवायचं ठरवलं.

१८७८ चं ग्रहण वायोमिंग, कोलोरॅडो, टेक्सास असं उतरणार होतं. देशभरातून शास्त्रज्ञ पश्चिमेकडे निघाले. वायोमिंगमधल्या रॉलिन्सला तिशीतले थॉमस एडिसन आपलं उष्णता मोजणारं नवं यंत्र घेऊन गेले. पाइक्स पीकच्या शिखरावर सॅम्युएल लँगली. सरकारी मोहिमांमध्ये सगळे पुरुष. मिचेलबाई तेव्हा साठीला आलेल्या. त्यांनी आपली बहीण फिबी आणि व्हॅसरच्या जुन्या विद्यार्थिनी जमवल्या आणि स्वतंत्रपणे डेन्व्हरला निघाल्या. बोस्टनपासून सुमारे दोन हजार मैल, जुलैच्या उकाड्यात, कोळशाच्या धुरात.

आणि सामान अडकलं! कोलोरॅडोत दोन रेल्वे कंपन्यांचं भांडण पेटलं होतं. प्वेब्लो स्टेशनवर एकीच्या गाडीतून उतरलेलं सामान दुसरी पुढे नेईना. बाई डेन्व्हरला पोचल्या, दुर्बिणींचं साहित्य प्वेब्लोला. तारा केल्या, अधिकाऱ्यांना गाठलं, रोज चौकशी. विमानतळावर बॅगा हरवल्यावर काउंटरसमोर आपण कसे उभे राहतो ते आठवा. फक्त या बॅगा उशिरा आल्या असत्या तर सूर्य थांबणार नव्हता. सामान आलं, पण मधले मोलाचे दिवस गेले आणि त्यात पावसाळी हवा.

२९ जुलैचा सोमवार मात्र स्वच्छ उजाडला. गावाबाहेरच्या टेकाडावर त्यांनी तंबू टाकला, दुर्बिणी उभ्या केल्या. जवळच्या नन्सनी त्यांना चहा आणून दिला. प्रत्येकीचं काम आधी ठरलेलं. एकीने मोठ्याने सेकंद मोजायचे. एकीने करोनाचं चित्र काढायचं. बाकीच्यांनी दुर्बिणीला डोळा लावायचा. खग्रास अवस्था दोन मिनिटं चाळीस सेकंद. एवढ्या वेळात ठरलेलं सोडून दुसरीकडे बघायचं नाही. विचार करा, दोन हजार मैल येऊन जिने सेकंद मोजले, तिने घड्याळाकडे बघायचं!

१८६९ मध्ये सूर्य जोरात होता, तेव्हा करोना सगळीकडे फुललेला. १८७८ मध्ये सूर्यावरचे डाग जवळजवळ संपलेले, तेव्हा करोनाचे लांबच लांब पट्टे दोन्ही बाजूंना पसरलेले. एक ग्रहण पाहिलं म्हणजे सगळी पाहिली असं होत नाही, ते यामुळेच.

त्या दिवशी त्या टेकाडावर कुणी नवा ग्रह शोधला नाही की नवं मूलद्रव्य. पण डेन्व्हरच्या लोकांनी शिकलेल्या, धडधाकट, उन्हाने रापलेल्या बायका शांतपणे आपलं काम करताना पाहिल्या. डॉ. क्लार्कना याहून चांगलं उत्तर काय देणार? पाचच वर्षांनी, १८८३ मध्ये, कल्याणची आनंदीबाई जोशी अठराव्या वर्षी डॉक्टर व्हायला फिलाडेल्फियाला आली. तिच्यासाठी इथली दारं अशाच बायकांनी किलकिली करून ठेवली होती.

मिचेलबाई १८८८ च्या अखेरीस निवृत्त झाल्या आणि २८ जून १८८९ ला लिन गावी गेल्या. दफन नॅन्टकेटलाच झालं. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे.

आमचा सोमवार

पोस्टर पूर्ण झालं त्या रात्री बाबा प्रथमच बोलले. १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण. बाबा बावीस वर्षांचे. रायचूरला खग्रास दिसणार होतं, सोलापूरहून रेल्वेने काही तास. मित्र निघाले. आजीने शपथ घातली, बाबा थांबले. दारं-खिडक्या बंद, पाण्यावर तुळशीपत्रं, गल्ली ओस. खिडकीच्या फळीला एक बारीक भोक होतं. त्यातून समोरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका पडत होता. बघता बघता त्याची कोर झाली. बाबांनी ते कुणाला सांगितलं नाही. मित्र परत आले, त्यांच्यात बसून ऐकत राहिले. चव्वेचाळीस वर्षं झाली. माझ्या ९७ टक्क्यांच्या गोष्टीवर ते २०१७ मध्ये फोनवर गप्प का बसले, ते मला आत्ता कळलं.

मग कसला हिशेब? रविवारी निघालो, नॅशव्हिलला मित्राकडे मुक्काम, सोमवारी सकाळी कार्बनडेल. मिचेलबाईंसारखी कामं वाटून घेतली. लेकीकडे थर्मामीटर आणि वही. बायकोकडे चित्र. बाबांकडे घड्याळ, सेकंद मोठ्याने मोजायचे. माझ्याकडे काही नाही, मी फक्त बघायचं, असं लेकीनेच ठरवलं.

दुपारी दोनच्या सुमाराला पश्चिमेकडून सावली आली. ती खरोखर येताना दिसते. शेवटचा ठिणगीएवढा उजेड विझला, आम्ही चष्मे काढले आणि आकाशात एक काळं भोक आणि त्याभोवती पांढरी, जिवंत प्रभा. खालच्या कडेला एक गुलाबी ठिणगी. उजवीकडे खाली शुक्र, भरदुपारी, झगझगीत. मिचेलबाईंचा शुक्र. आजूबाजूचे शेकडो लोक ओरडले आणि मग गप्प झाले. बाबांचे आकडे ऐकू येत होते. तीस, एकतीस... चाळिसाच्या पुढे आकडे थांबले. मी वळून पाहिलं. घड्याळ हातात होतं, मान वर होती. लेकीने काही न विचारता पुढचे आकडे मोजायला सुरुवात केली.

चार मिनिटं आणि वर काही सेकंद. संपलं.

परतीचा ट्रॅफिक काय सांगू! सात तासांचे अकरा झाले. गाडीत मी बाबांना आणखी एक गोष्ट सांगितली. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास ग्रहण पाहायला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नायगमवाला आणि थेट कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल एकाच गावी तळ देऊन बसले होते. ते गाव म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर. पुण्याला जाताना बाबांनी ते स्टेशन शेकडो वेळा पाहिलेलं. एवढ्या लांबून लोक आपल्या दारात आले होते, एवढंच बाबा म्हणाले आणि बाहेर बघत राहिले.

पहाटे तीनला घरी पोचलो. मंगळवारी गुढीपाडवा होता. सात वाजता तारवटलेल्या डोळ्यांनी डेकवर गुढी उभारली. ऑफिसला मी उशिरा लॉग-इन केलं. कुणाचं काही अडलं नव्हतं.

तर, जावं का? ढग आले असते तर मी आज काय लिहिलं असतं, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, तरी जावंच. मिचेलबाईंच्या हातात सामान नव्हतं, हवा नव्हती, फक्त तयारी होती, आणि बरोबर कुणाला न्यायचं ते होतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना नेलं, त्यांनी विद्यार्थिनींना नेलं. घरात ज्याला कधी कुणी नेलं नाही असं माणूस असेल, तर त्याला आधी गाडीत बसवा.

अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पुढची खग्रास ग्रहणं २२ ऑगस्ट २०४४ आणि १२ ऑगस्ट २०४५ ची. दुसरं कॅलिफोर्नियापासून फ्लोरिडापर्यंत जाईल. तेव्हा आमची लेक तीस वर्षांची असेल आणि गाडी तिने चालवायची असं ठरलंय. मी घड्याळ घेऊन मागे बसेन. तारखा कॅलेंडरमध्ये घातल्या आहेत, आणि त्या दिवशी कुठलंही गो-लाइव्ह नाही.